एका सालच्या सात चवल्या

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिन्हीसांजेला प्रभाकर मथुरे टेंभी नाक्यावरून लाह्या, बत्तासे आणि नवी केरसुणी घेऊन घरी आला आणि दारातच थबकला. देवापुढच्या पाटावर, लाल खणावर, त्याच्या चवल्या मांडल्या होत्या. एकसष्ट. दोन-दोन आण्यांची ती जुन्या अमलातली चांदीची नाणी, सदऱ्याच्या गुंडीपेक्षा जेमतेम मोठी, एरवी कपाटातल्या सागवानी पेटीत काळपट, मळकट, आपापल्या खोबणीत मुकाट बसलेली असायची. आज ती खणावर फेर धरून बसली होती आणि समईच्या उजेडात लखलखत होती. मंदाकिनी पदर खोचून बाजूला उभी होती. "बघा तरी," ती म्हणाली, "ओळखू येतायत का तुमचे राजे-राण्या? तीन दुपारी बसले होते मी. आधी रिठ्याच्या पाण्यात ठेवल्या, मग चिंच लावली, मग रांगोळीची पूड घेऊन एकेकीला घासलं. सगळ्यांना अभ्यंगस्नान!" प्रभाकरच्या हातातली केरसुणी खाली पडली. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, आणि तीही आजच्या दिवशी पायाशी पडलेली. त्यानं ती घाईघाईनं उचलून कपाळाला लावली, आणि कपाळाला हात लागला तसा भुवयांच्या मधोमध तो गार ठिपका त्याला जाणवला. "छान झाल्यात," तो म्हणाला.

पुढची पूजा त्यानं कशी केली हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. तोंडातून मंत्र निघत होते, हात हळदकुंकू वाहत होते, आणि डोळे पुन्हापुन्हा खणाच्या डाव्या कोपऱ्याकडे जात होते. नाण्यांचा नाद असलेल्या माणसाचा पहिला नियम असा, की नाणं कधी घासायचं नाही. त्याच्यावरचा काळेपणा हे त्याचं वय असतं, आणि वय घासून काढलं की उरतो तो नुसता चांदीचा तुकडा, सोनाराच्या मुशीत जायला मोकळा. हा नियम प्रभाकरनं मंदाकिनीला कधी सांगितला नव्हता, कारण तशी वेळच आली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती त्या पेटीला सवत म्हणत आलेली. झाडलोट करतानासुद्धा तिला बोट लावायची नाही. यंदा लेक चित्रा सासरी पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि हिच्या मनानं घेतलं की आता या वयात सवतीशी भांडण कसलं, तिची ओटीच भरावी. बिचारीनं प्रेमानं केलं. प्रेमानं केलेल्या गोष्टीवर ओरडता येत नाही, हीच तर संसारातली मोठी गोची. आणि ओरडायचं तरी कशाबद्दल? साठ चवल्यांवरचा मळ गेला तर गेला, त्याचं त्याला काही नव्हतं. एकसष्टाव्या चवलीवरचाही मळ गेला होता, आणि त्या एकसष्टांतली ती कुठली हे आता जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं.

पूजेनंतर मंदाकिनी फराळाची ताटं घेऊन शेजारी गेली, तेव्हा तो पाटापुढे मांडी घालून बसला आणि एकेक चवली उलटवून साल पाहू लागला. १९१० सालच्या सात निघाल्या. सात निघणारच होत्या, त्यानंच तर जमवल्या होत्या. सातींवर एडवर्ड राजाचं बिनमुकुटाचं डोकं आणि दाढी, मागच्या बाजूला मुकुट, वेलबुट्टी आणि साल. त्यांतल्या एकीवर आजवर राजाच्या कानामागच्या खळगीत आणि दाढीच्या रेषांत लालसर काळं मेण घट्ट बसलेलं होतं. डोळे मिटून नुसता अंगठा फिरवला तरी ती कळायची. आता त्यानं सातींवरून अंगठा फिरवला. सगळे राजे गुळगुळीत, सगळ्यांना चिंचेचा वास. पुन्हा फिरवला. आपला अंगठाच बधिर झाला असेल अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि तो तिसऱ्यांदा फिरवला. एकदा डोंबिवलीचे टिपणीस मास्तर ही पेटी पाहायला आले होते. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, तेही चवल्यांचे नादी, पण दर सालाची एक अशा शिस्तीचे. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, "अहो मथुरे, हे काय? बाकीची सालं उपाशी आणि एका सालाला सात ताटं?" प्रभाकर म्हणाला, "माझं जन्मसाल आहे." ते खरंच होतं. पण खरं सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं असं थोडंच असतं? माणसं नाणी जमवतात ती दाखवायला. प्रभाकरनं जमवली ती लपवायला. एकच चवली पेटीत एकटी पडली असती तर कोणीही विचारलं असतं, ही कुठली? म्हणून तिला त्यानं आधी एक जोडीण आणली, मग दोघींना शंका येऊ नये म्हणून तिसरी, मग व्हिक्टोरिया राणीच्या, मग पंचम जॉर्जच्या, आणि हळूहळू एका चवलीवर साठ चवल्यांचं पांघरूण झालं. लोक त्याला छंद म्हणत, आणि त्यानंही ते ऐकून घेतलं.

त्या चवलीची जागा मुळात पेटीत नव्हतीच. ती कल्याणला, पारनाक्याजवळच्या त्यांच्या घरी, आजोबांनी बारशाला प्रभाकरच्या मुठीत ठेवलेली, त्याच्याच जन्मसालाची. त्याच्या आईला बाळंतपणात ताप धरला, अंगावर दूध नव्हतं, म्हणून खाडीकाठच्या कोणेपाड्याहून ठमाबाई आली. आगरी बाई, नवरा आणि दीर मिठागरावर राबणारे, कडेवर तीन वर्षांची सगुणा अजून अंगावर पिणारी. सगुणाच्या वाटचं दूध प्रभाकर प्यायला, आणि पिऊन झाल्यावरही ठमाबाई आठ वर्षं त्या घरातच राहिली. सगुणा मोठी झाली तशी गावाकडे आजीपाशी गेली. मग १९१८ सालच्या पावसाळ्यानंतर मानमोडी आली. तो ताप आधी प्रभाकरला आला. नऊ दिवस ठमाबाई त्याच्या उशाशी बसून होती. ओल्या फडक्याच्या घड्या बदलता बदलता तिचा हातच थंडगार झालेला असायचा आणि तो हात ती त्याच्या कपाळावर ठेवायची. दहाव्या दिवशी तो उठून बसला आणि त्यानं पेज मागितली. अकराव्या दिवशी ती मागल्या पडवीत आडवी झाली ती पुन्हा उठली नाही. आठ वर्षांच्या पोराला कोणी सांगितलं नाही की तुझा ताप तिनं घेतला, पण पोरांना असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

तिला न्यायला गावाहून दीर आला, काळुराम. नवरा स्वतःच तापानं फणफणलेला, गावात धड चार माणसं उभी नव्हती, म्हणून काळुराम एकटा खाडीतून होडी घेऊन आला. ठमाबाई अहेव गेलेली. प्रभाकरच्या आईनं तिला आपलं हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला, आणि वर लावायला चांदीचं नाणं हवं म्हणून घरात शोधाशोध केली. रुपया सापडेना. मग तिनं प्रभाकरची डबी उघडली, त्याची चवली घेतली, राजाच्या बाजूला मेण लावलं आणि ती ठमाबाईच्या कपाळावर दाबून बसवली. राजाचा चेहरा कपाळाकडे. प्रभाकर दाराआडून पाहत होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं. ठमाबाई मेली याचं दुःख त्याला होतं, पण ते इतकं मोठं होतं की नीट डोळ्यांत मावेना. चवलीचं दुःख लहान होतं, ते झटकन मावलं. आई तुळशीचं पान आणायला आत गेली, काळुराम रशी आणायला होडीकडे गेला, तेवढ्यात तो पुढे झाला आणि त्यानं नखानं ती चवली उचकटली. मेणाचा बारीकसा चटकन आवाज झाला. कपाळ गार होतं. त्याला वाटलं होतं ते गरम असेल. लालभडक मळवटाच्या मधोमध चवलीएवढी गोल, उघडी, फिकट कातडी राहिली, आणि ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो पळाला. काळुरामनं एकट्यानं वहिनीला होडीत घेतलं आणि ओहोटीच्या पाण्यावर नेलं. चार दिवसांनी निरोप आला: सरणावर ठेवताना कपाळावर नाणं नव्हतं, नुसता वाटोळा डाग होता. आई ओसरीवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "अगं, मी माझ्या हातानं लावली होती हो." म्हणजे होडीत ज्याचा हात होता, त्यानंच काढली. प्रभाकर हे ऐकत होता. पण तो काय करणार? त्याला कोणी विचारलंच नाही. या एका वाक्यावर त्यानं पुढची एकोणचाळीस वर्षं काढली: मॅट्रिक, ठाण्याच्या कचेरीतली नोकरी, लग्न, लेकीचं लग्न. कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.

तो गार ठिपका केव्हापासून हे त्याला आठवत नव्हतं. कचेरीत कागद वाचता वाचता त्याचा हात कपाळाकडे जायचा. बाकीचे कारकून म्हणत, मथुऱ्यांना अर्धशिशी आहे. मंदाकिनी सुंठ उगाळून लेप लावायची. लेप वाळून ताणला, की मेणानं चिकटलेलं काहीतरी कोणीतरी हळूच उचकटतंय असं वाटून तो तोंड धुवायला पळायचा. यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा घरोघर ताप आला. आता त्याला फ्ल्यू म्हणत होते, पण ज्यांना जुनं आठवत होतं ते आवाज खाली आणून मानमोडीच म्हणत. प्रभाकर पाच दिवस पडून होता. मंदाकिनी कपाळावर घड्या ठेवत होती, आणि मधेच ती स्वयंपाकघरात गेली तरी कपाळावरचा हात जात नव्हता. तो हात मायेचा होता, तेच वाईट होतं. त्या हातानं गळा दाबला असता तर सोसलं असतं.

आणि मग भाद्रपदात, कचेरीच्या खिडकीपाशी, सगुणा उभी राहिली. सातबाऱ्याचा उतारा काढायला आलेली, पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत कासोटा, हातात गुंडाळलेले कागद. मागून शिपायानं "मथुरेसाहेब" अशी हाक मारली तशी तिनं मान वर केली. "मथुरे? कल्यानचे पारनाक्यावरचे? परभाकर कारं तू?" तो खुर्चीतून अर्धा उठला, तेवढं तिला पुरलं. "माझे आयचं दूध पिऊन साहेब झालास नं रं! मी सगुणा. ठमाची सगुणा." खिडकीतून हात घालून तिनं त्याची बोटं धरली. कचेरीतले सगळे पाहत होते. मग ती गावाचं सांगत बसली: बाप मानमोडीतच गेला, तिचा नवरा दोन वर्षांमागं गेला, पोरगा आगरावर हाय. "आनि काका हाय नं अजून. काळूकाका. डोकऱ्याला मरान येत नाय. गाव त्याला काळुराम बोलत नाय, चवल्या बोलतात, चवल्या. मढ्याचे टालूवरचं लोनी खानारा. हलदीला बोलवत नाय, मयताला बोलवत नाय. काकी मेली तवा खांदा द्याला दोगंच. मीच भाकर घालतंय त्याला. काय करू, बापसाचा भाऊस हाय." प्रभाकरनं विचारलं, "पण त्यांनीच घेतली कशावरून?" सगुणा त्याच्याकडे पाहत राहिली. "मंग कोनी? होरीन दुसरा कोन व्हता?" उतारा घेऊन जाता जाता ती म्हणाली, "भाऊबीजेला ये. मना दुसरा भाऊस कोन हाय?"

त्या दिवसापासून प्रभाकरनं मनातल्या मनात एक बेत रचला, आणि तो बेत इतका नामी होता की महिन्याभरात त्याला दोनदा शांत झोप लागली. चवली हिरव्या चिंधीत बांधायची. भाऊबीजेला कोणेपाड्याला जायचं, आणि कोणी पाहत नसताना खाडीकाठी, जिथं ठमाबाईला जाळलं तिथं, नाहीतर सगुणाच्या उंबऱ्याशी टाकायची. मेणातलं कुंकू पाहून गावानं काय ते ओळखलं असतं. म्हणालं असतं, ठमाबाईनंच आणून टाकली, काळुराम निर्दोष होता. म्हातारा सुटला असता, ठमाबाईचं तिला मिळालं असतं, आणि प्रभाकर मथुऱ्यांचं नाव कुठंच आलं नसतं. साप मरतो आणि काठीही मोडत नाही. सगळी भिस्त त्या कानामागच्या चिमूटभर मेणावर होती, आणि ते मेण आता मंदाकिनीच्या रांगोळीबरोबर मोरीतून वाहून गेलं होतं. कुंकवाशिवाय ती चवली म्हणजे कुठल्याही सराफाकडं मिळणारं नाणं. ती उंबऱ्यावर सापडली तर फार तर कोणीतरी पानसुपारीला उचलली असती.

"या सात वेगळ्या का काढल्यात?" मंदाकिनी केव्हा परतली ते त्याला कळलं नव्हतं. तो म्हणाला, "यांतली एक माझी नाही." "मग ज्याची आहे त्याला देऊन टाका की." "कुठली ते आता कळत नाही." ती पाटाशी खाली बसली. बाई हुशार, आपल्या तीन दुपारींनी काहीतरी पुसलं गेलं एवढं तिनं ओळखलं, काय ते विचारलं नाही, आणि तिचा चेहरा उतरला. एकेक राजा उचलून तिनं समईपुढे धरून पाहिला. शेवटी ती म्हणाली, "मग सातही द्या." प्रभाकरला एकदम हायसं वाटलं. खरंच की! भाऊबीजेला बहीण ओवाळते, भाऊ तबकात ओवाळणी घालतो. सात चवल्या तबकात पडल्या तर कोण कशाला विचारील? त्यांत ती असेलच. परत केल्यासारखं होईल आणि बोलावंही लागणार नाही. माणसाच्या भित्रेपणाला वाटा फार सापडतात, एक बुजली की दुसरी.

दिवा स्टेशनावर उतरून तो खाडीच्या बांधानं चालत गेला. पावसाळ्यानंतर मिठागरं पुन्हा उभी करायचं काम चाललेलं, सणाच्या दिवशीही बायका ओळीनं वाकून फुटलेले बांध चिखलानं लिंपत होत्या. सगुणाचं घर गावाच्या टोकाला होतं. तिनं अंगणात पाट मांडला, त्याच्याभोवती तांदळाची रेघ काढली, आणि त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. ओटीवर, खांबाला टेकून, एक वाळकुडा म्हातारा बसला होता. डोकीला फडकं, डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा, पण नजर जिवंत. हाच काळुराम हे प्रभाकरला सांगावं लागलं नाही. सगुणानं प्रभाकरच्या कपाळाला कुंकू लावलं. ओला अंगठा, बरोबर त्या ठिपक्यावर. निरांजन ओवाळता ओवाळता ती काहीबाही बोलत होती, आई असती तर किती खूश झाली असती वगैरे. प्रभाकरनं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि सातही चवल्या तबकात ओतल्या. त्यांचा आवाज मोठा झाला. "अगो बाय!" सगुणा म्हणाली. "चवल्या? चांदीच्या? कवऱ्या चकचकीत!"

म्हातारा ओटीवरून उतरला. कमरेत वाकलेला, पण काठी न घेता. तो तबकापाशी आला, त्यानं एक चवली उचलून डोळ्यांजवळ धरली, खाली ठेवली, आणि प्रभाकरकडे पाहिलं. "आता आनलीस?" तो म्हणाला. सगुणा हसली. "काका, काय बोलतंस? परभाकर हाय यो, ओलखलास नाय?" "ओलखला नं. तवाच ओलखलेला." काळुराम प्रभाकरसमोर जमिनीवर उकिडवा बसला, आणि हवापाण्याच्या गोष्टी कराव्या तशा साध्या आवाजात सांगू लागला. "रशी आनाला गेल्तू मी होरीवर. मागारी आलू तं तू वैनीचे कपालावर वाकलेला. चवली काढलीस नि पलालास. मी बघितला. मना वाटला, पोऱ्याची चवली, पोऱ्यानं घेतली. वैनी जिती असती तं तिनंच काढून दिली असती तुना. म्हून मी गप ऱ्हायलू. मना काय म्हाईत, तिचा येवरा व्हनार हाय." सगुणाच्या हातातलं तबक कलंडलं, निरांजन विझलं. ती प्रभाकरकडे पाहत होती, त्यानं नाही म्हणावं म्हणून वाट पाहत होती.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" प्रभाकर म्हणाला. हे आपण कुठल्या तोंडानं विचारतोय असं त्याला विचारतानाच वाटलं. "सांगितला नं. पंच बोलले, मथुऱ्यांचे घरान चवल्यांची काय कमी, त्यांचा पोऱ्या कशाला मढ्याला हात लावील? मंग मी गेलू तुमचे घरी, कल्यानला. दिवाली व्हती. तुझे आयशीला बोललू, पोऱ्याला इचारा. तिनं तुना हाक मारली." "मला?" प्रभाकर म्हणाला. "मला कोणी विचारलं नाही." "इचारला," काळुराम म्हणाला. "तू ओसरीवर आलास. हातान चकली व्हती."

आणि मग चकलीपासून सगळं आलं. डोक्याला लावलेलं तेल कानावर ओघळलेलं, नवी जरीची टोपी कपाळाला काचत होती, आईनं त्याचे दोन्ही खांदे धरले होते. "प्रभा, तू घेतलीस का रे? खरं सांग, मी मारणार नाही." अंगणात, पायरीच्या खाली, एक काळासावळा तरणा माणूस हात जोडून उभा होता आणि त्याच्याकडे पाहत होता. रागानं नाही. मेहेरबानी कर, अशा नजरेनं. चवली तेव्हा प्रभाकरच्या सदऱ्याच्या खिशातच होती, कापडातून मांडीला लागत होती. त्यानं मान हलवली. नाही. एकदा हलवली, आई पुन्हा म्हणाली, त्यानं पुन्हा हलवली. त्या माणसानं जोडलेले हात सोडले आणि तो गेला. एवढी लखलखीत आठवण, आणि ती त्यानं कुठं ठेवली होती? एकोणचाळीस वर्षं तो स्वतःला सांगत आला की कोणी विचारलं नाही, आणि सांगता सांगता ते खरं झालं होतं. चवली तर त्यानं साठांत लपवली. ही गोष्ट त्यानं एका वाक्याखाली लपवली होती. त्याला भडभडून आलं. चार लोकांत रडायची लाज वाटण्याइतकीही शुद्ध राहिली नाही. तो पाटावर बसून, कपाळाला ओलं कुंकू, पोरासारखा रडला.

"मी गावाला सांगतो," थोड्या वेळानं तो म्हणाला. "पंचांना सांगतो. लिहून देतो हवं तर. आत्ता चला." काळुरामनं मान हलवली. "पंच मेले. ज्यांनी माझे हातचा पानी टाकला ते सगले मेले. आताची पोरा नुस्ती चवल्या बोलतात, त्यांना म्हाईत पन नाय का बोलतात. त्यांना सांगून मना काय?" "मग कोणाला सांगू?" सगुणानं तबक उचललं, चवल्या एकेक करून त्यात ठेवल्या, आणि पदरानं डोळे पुसले. "मालनला सांग," काळुराम म्हणाला. "काकी," सगुणा हळूच म्हणाली, "पाच वरसा झाली जाऊन." "म्हाईत हाय मना. बायकोस माझी व्हती, मना म्हाईत नसंल? तीस-पस्तीस वरसा रांधून घातलान. सोरून गेली नाय. पन अध्नंमध्नं इचारायची, खरा सांगा, घेतलीव काय? मी बोलायचू, नाय गो. ती बोलायची, बरा. पन डोल्यान तसाच ऱ्हायचा. मरताना पन इचारलान. मी बोललू नाय. ती बोलली, बरा." तो उठला, आणि त्यानं प्रभाकरचा दंड धरला. हात हाडकुळा होता, पण पकड होडी वल्हवणाऱ्याची. "चल. तुझे तोंडानं सांग तिला."

बांधाबांधानं तिघं गेली. खाडीला भरती लागली होती, पाणी खाजणात शिरत होतं. एका जागी म्हातारा थांबला. तिथं काही नव्हतं, काळा चिखल आणि त्यात थोडी जळकी माती. "इथं," तो म्हणाला. प्रभाकरनं वहाणा काढल्या. कचेरीत त्यानं हजारो कागदांवर दुसऱ्यांची म्हणणी उतरवून घेतली होती, पण स्वतःचं म्हणणं कसं सुरू करतात ते त्याला येईना. शेवटी तो म्हणाला, "मालनबाई, ती चवली मी घेतली होती." आवाज त्याच्या स्वतःच्याच कानापर्यंत नीट पोचला नाही. "मोठ्यानं," काळुराम म्हणाला, "तिला कमी आयकू यायचा." प्रभाकर मोठ्यानं म्हणाला, "मालनबाई, चवली मी घेतली! काळुरामनं नाही!" पलीकडच्या मिठागरात बांध लिंपणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि इकडे पाहू लागल्या. कोणीतरी कोणाला तरी हाक मारून बोलावलं. "आजून," म्हातारा म्हणाला. प्रभाकरनं छाती भरून श्वास घेतला आणि तो तिसऱ्यांदा ओरडला, "चवली मी घेतली! मी, प्रभाकर मथुरेनं! विचारलं तेव्हा मी खोटं बोललो!" काळुरामनं डोकीवरचं फडकं काढून हातात घेतलं, चिखलाकडे पाहिलं, आणि बायकोला विचारलं, "आयकलास गो?"